हातकरवत सुरक्षित कशी चालवावी: पहिल्या खाचेपासून शेवटच्या इंचापर्यंत

नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या छोट्या फर्निचर वर्कशॉपमध्ये नवीन मुलगा कामावर आला की तो कटर मशिनला घाबरतो आणि हातकरवत मात्र बेफिकीर उचलतो. मशिन गरजतं, म्हणून माणूस आपोआप सावध होतो. करवतीचा आवाज कानाला ओळखीचा, त्यामुळे तिची धास्ती वाटत नाही. पण इथे मी ज्या जखमा बांधल्या त्यांतल्या बऱ्याचशा हातकरवतीच्या होत्या, आणि त्याही डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नाहीतर तर्जनीच्या. माझ्या अंगठ्यावरही तसाच एक वण आहे.

या जखमा तीन वेळांना होतात: पहिली खाच घेताना, पातं अडकल्यावर आणि शेवटचा तुकडा सुटताना. मधल्या सरळ कापात सहसा कोणाला लागत नाही. आणि या तिन्ही वेळी काय होणार, हे बरंचसं करवत उचलण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. ती वगळून थेट कापण्याच्या पायरीवर जाऊ नका.

सगळ्या सूचना उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या धराव्यात.

१. कामाप्रमाणे करवत घ्या

लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभी चीर पाडायची असेल तर मोठ्या दातांची करवत लागते, इंचाला साधारण ५ ते ७ दात. आडव्या कापाला ८ ते १२ दात. प्लायवुडला त्याहून बारीक दात चांगले, नाहीतर वरचा पापुद्रा उचकटतो. पाठीवर पट्टी असलेली छोटी टेनन करवत सांधे कापण्यासाठी असते. तिची पट्टी लाकडाला टेकली की काप तिथेच थांबतो, त्यामुळे जाड फळीला ती घेऊ नका.

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे हाताला लागेल ती करवत घेणं. उभ्या चिरेची करवत आडव्या कापाला लावली की दात तंतू कापत नाहीत, उपटतात. पातं उड्या मारतं. ती उडी जिथे पडते, त्याच्या शेजारी तुमचा डावा हात असतो.

आपल्याकडची नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते. हल्ली दुकानांत ओढून कापायच्या पातळ पात्याच्या जपानी धाटणीच्या करवतीही मिळतात. ती नेहमीच्या सवयीने जोरात ढकलली तर पातं वाकतं, कधी मोडतं.

> तपासा: दातांची टोकं कुठे रोखलेली आहेत? पुढच्या टोकाकडे असतील तर करवत ढकलायची, मुठीकडे असतील तर ओढायची.

२. पातं तपासा

याला एक मिनिट पुरतं. करवत उजेडाकडे धरून दातांवरून नजर फिरवा. धारदार दाताचं टोक चमकत नाही. बोथट दाताच्या टोकावर पांढरा ठिपका चमकतो. असे ठिपके ओळीने दिसले तर आज त्या करवतीने काम नाही. बोथट करवतीने कमी लागतं हा समज चुकीचा आहे. बोथट करवतीला जोर लावावा लागतो, आणि घसरल्यावर तोच जोर हातावर येतो.

नंतर मुठीकडून पात्याच्या लांबीवर एक डोळा मिटून बघा. पात्याला वाक किंवा पीळ असेल तर काप रेघेवरून जाणार आणि पातं चिरेत आवळलं जाणार. मुठीचे स्क्रू हलवून बघा. मूठ ढिली असेल तर नेम राहत नाही.

दात आलटूनपालटून डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्याला आमच्याकडे सेट म्हणतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं मोकळं फिरतं. कोरड्या, सरळ लाकडातही करवत घट्ट चालत असेल तर सेट गेलेला आहे. तेल लावून तात्पुरतं भागतं, पण ते औषध नव्हे. तिकोनी कानस आणि सेट करायचं हत्यार ज्याच्याकडे आहे अशा मिस्त्रीकडून दात करून घ्या. ज्या करवतींच्या दातांची टोकं निळसर-काळी दिसतात, त्यांचे दात कडक केलेले असतात. त्यांच्यावर कानस चालत नाही. त्या बोथट झाल्या की बदलायच्या.

पावसाळ्यात आमच्याकडे पात्यावर दोन दिवसांत गंज धरतो, इगतपुरी-त्र्यंबककडे तर त्याहून लवकर. गंजलेलं पातं लाकडात ओढ खातं. बारीक पॉलिश पेपरने दातांच्या बाजूला हात न नेता पुसा आणि मेणबत्ती घासा.

> सावधान: धार बोट फिरवून बघू नका.

३. लाकूड तपासा

नाशिकमध्ये जुने वाडे उतरवले की त्यांतलं सागवान पुन्हा कामाला येतं. लाकूड उत्तम, पण त्यात जुने खिळे आणि चुका (बारीक खिळे) मोडून आत राहिलेल्या असतात. वरून फक्त काळा डाग दिसतो. सागवानात लोखंडाभोवती असा काळा डाग पडतो, तीच खूण धरा. कापाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागेवरून लोहचुंबक फिरवा. खिळ्याला दात लागला की करवत जागीच थांबते, हात मात्र पुढे जातो.

ओलं लाकूड चिरेत पातं आवळतं. पावसात भिजलेली सेंट्रिंगची (स्लॅबच्या साच्याची) फळी, ताजी बाभूळ, ताजं निलगिरी, सगळ्यांचं तेच. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहरात सेंट्रिंग भरपूर चालू आहे आणि साइटवर लाकूड उघड्यावरच पडलेलं असतं. ओलं लाकूड कापावंच लागलं तर जास्त सेट असलेली करवत घ्या आणि दोन पाचरी हाताशी ठेवा. कशासाठी, ते आठव्या पायरीत येईल.

गाठ रेघेवर येत असेल तर रेघ सरकवता येते का बघा. सरकवता येत नसेल तर गाठीपाशी हात हलका करायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

आता गुण्या (काटकोनी पट्टी) लावून रेघ मारा. वरच्या अंगावर मारा आणि समोरच्या कडेवरही मारा. एकाच अंगावर रेघ असली की करवत तिरकी जाते, माणूस ती मध्येच पिळून सरळ करायला बघतो आणि पातं अडकतं.

४. आधार आणि पकड

घाई करणारा माणूस नेमकी हीच पायरी गाळतो.

कापायच्या तुकड्याला दोन गोष्टी लागतात: तो हलू नये, आणि कापताना चीर मिटू नये. पहिली सगळ्यांना कळते, दुसरी फार थोड्यांना. फळी दोन टोकांना टेकवून मध्ये कापली तर जसजसा काप खाली जातो तसतशी फळी मधून झुकते, चिरेचं तोंड वरून मिटतं आणि पात्याला आवळतं. उलट, कापायचा भाग आधाराच्या बाहेर लटकवला तर चीर उघडी राहते, पण शेवटी लटकता भाग स्वतःच्या वजनाने मोडून पडतो आणि खालचा पापुद्रा सोलतो. म्हणून काप आधाराच्या बाहेर, अगदी जवळ ठेवायचा आणि लांब तुकडा असेल तर लटकत्या भागाखाली दुसरा आधार द्यायचा. तो आधार चिरेचं तोंड दाबणार नाही इतकाच उंच हवा.

आधार म्हणून काय वापरायचं? सुताराची घोडी सर्वात चांगली, गुडघ्याइतक्या उंचीची. दोन घोड्या असतील तर जवळपास सगळी फळीकामं होतात. छोट्या तुकड्यांसाठी बाकावर शिकंजा किंवा क्लॅम्प. हे नसेल तर एकसारख्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे घ्या. प्लॅस्टिकचा स्टूल, विटांची चळत आणि सिमेंटची गोणी हा आधार नव्हे. हे तिन्ही साइटवर रोज वापरले जातात आणि तिन्ही ऐन जोरात सरकतात.

जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून कापायची आपली जुनी पद्धत आहे. अनेक जुने मिस्त्री तसंच काम करतात आणि सफाईने करतात. मी कोणाला ती सोडा म्हणणार नाही, पण त्यातल्या दोन गोष्टी सोडू नका. एक, दाबणारा पाय रेघेच्या मागे, तुमच्या बाजूला, रेघेपासून किमान एक वीत दूर. दुसरा पाय पात्याच्या वाटेत किंवा फळीखाली नको. दोन, फळी जमिनीला टेकलेली नको, नाहीतर शेवटच्या इंचात दात फरशीवर आपटतात आणि करवत उसळते. खाली दोन पट्ट्या घाला. पाय अनवाणी नको, चपलेत नको, बंद बूट हवा. ज्याला ही पद्धत येत नाही त्याने ती साइटवर शिकायला जाऊ नये, घोडीवर कापावं.

दुसऱ्या माणसाने फळी धरली असेल तर त्याचे हात रेघेपासून एक हात लांब हवेत आणि त्याने फळी उचलून धरायची नाही, खालूनच तोलायची. मदत म्हणून तो लटकता भाग वर उचलतो आणि चीर मिटते. त्याला आधीच सांगा: "दादा, उचलू नका, नुसता हात खाली ठेवा."

> तपासा: करवत न लावता फळीला पुढे-मागे धक्का द्या. हलली तर पकड अपुरी आहे. मग पातं कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर येणार ती रेघ नजरेने पूर्ण करा. त्या वाटेत तुमचा गुडघा, मांडी, बोटं, वायर, काहीही नको.

५. कपडे, डोळे आणि उभं राहणं

लोंबती बाही दुमडा, गळ्यातला रुमाल काढा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) किंवा सागवान कापताना मास्क लावा. एमडीएफची पूड फार बारीक असते आणि सागवानाची काहींना खाज आणते. डोक्याच्या वर कापायचं असेल तर चष्मा हवाच. हातमोज्यांबद्दल मला नेहमी विचारतात. करवतीच्या हातात ढगळ मोजा नको, पकड जाते. धरणाऱ्या डाव्या हातात घट्ट बसणारा, सहज न कापला जाणारा मोजा चालेल, पण मोजा आहे म्हणून हात रेघेजवळ नेऊ नका.

डावा पाय थोडा पुढे, उजवा मागे. खांदा, कोपर, मनगट आणि पातं एका रेषेत यायला हवं. कोपर बाहेर गेलं की पातं तिरकं जातं. मूठ तीन बोटांनी धरा आणि तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवा. त्या एका बोटाने पातं वळत नाही. नवीन मुलं मूठ हातोडीसारखी पाच बोटांनी आवळतात, अर्ध्या तासात मनगट भरून येतं आणि मग करवत डुलायला लागते.

६. पहिली खाच

माझ्या अंगठ्यावरचा वण इथला आहे. घाईत होतो, पहिला हात पुढे ढकलून सुरुवात केली. दातांना बसायला जागा नव्हती, पातं गुळगुळीत पृष्ठभागावरून सरकलं आणि अंगठ्यावर चढलं. म्हणून क्रम असा ठेवा:

पातं रेघेच्या टाकाऊ बाजूला टेकवा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं पेर वाकवून पात्याच्या बाजूला लावा, दातांच्या बरंच वर, म्हणजे अंगठा पात्याच्या चपट्या अंगाला लागेल, दातांना नाही. आता मुठीजवळच्या दातांनी तीन-चार वेळा हळू स्वतःकडे ओढा, जोर न लावता, करवतीच्या वजनानेच. ओढताना दात नीट कापत नाहीत, पण खाच पडते. खाच दाताच्या खोलीएवढी झाली की अंगठा काढा आणि हात रेघेपासून एक वीत दूर न्या. मगच पुढे ढकला.

अंगठ्याऐवजी एक लाकडी ठोकळा पात्याला टेकवला तर आणखी चांगलं. नवशिक्याला मी पहिला महिना ठोकळ्यानेच खाच पाडायला लावतो.

७. मधला काप

आडव्या कापाला पातं फळीशी साधारण ४५ अंशांत, उभ्या चिरेला ६० अंशांत. पूर्ण पातं वापरा. नुसते मधले चार इंच दात वापरले तर तेच दात झिजतात आणि तिथलंच पातं तापतं. पुढे जाताना कापू द्या, मागे येताना नुसतं येऊ द्या. वरून दाबायचं नाही. दाबावं लागत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

दर आठ-दहा हातांनी (करवतीच्या फेऱ्यांनी) थांबून समोरच्या कडेवरची रेघ बघा. करवत रेघ सोडत असेल तर पातं पिळू नका. कोन थोडा कमी करा, दोन हात हलके मारा, ती परत येते. भुसा तोंडाने फुंकू नका, डोळ्यात जातो. ब्रशने झाडा.

कोणी बोलायला आलं तर आधी करवत थांबवा, मग बघा. आमच्याकडे हा नियम आहे आणि तो मालकालाही लागू आहे.

८. पातं अडकलं तर

"मिस्त्री, अडकली," असं म्हणतच मुलगा जोराने हिसका देतो. हिसक्याने पातं अचानक सुटतं आणि मुठीचा हात किंवा मागचा माणूस सापडतो. दुसरा प्रकार, पुढे जोराने ढकलल्यावर पातं मधेच दुमडतं.

थांबा. मूठ सोडू नका, पण जोर काढा. चीर का मिटली ते बघा: बहुतेक वेळा आधार चुकलेला असतो. लटकता भाग थोडा उचलून किंवा खाली सोडून चीर उघडते का पाहा. उघडली की चिरेच्या सुरुवातीला, पात्यापासून दूर, लाकडी पाचर हलकेच बसवा. मग पातं सरळ, आल्या वाटेने बाहेर घ्या. आधार बदला आणि पुन्हा खाच जुळवून सुरू करा. पाचर लोखंडाची नको, दाताला लागली तर दात जातात.

९. शेवटचा इंच

इथे माणसाला काम संपल्यासारखं वाटतं आणि हात वेग घेतो. लाकडात आता जेमतेम एक इंच उरलेला असतो, विरोध संपत आलेला असतो आणि तुमचा जोर तेवढाच असतो. पातं एकदम खाली निघतं, थेट मांडीकडे.

एक इंच उरला की जोर अर्धा करा, हात लांब न मारता आखूड मारा. डाव्या हाताने टाकाऊ तुकडा पलीकडून, पात्याच्या वाटेत न येता तोला. तो पिरगाळून तोडू नका, सोललेल्या तंतूंची कूस तळव्यात जाते. तुकडा वेगळा झाला तरी एक क्षण करवत तशीच धरा, मगच उचला.

लोखंड, पाईप आणि हॅकसॉ

क्रम तोच, काही गोष्टी वेगळ्या. ब्लेडचे दात पुढच्या दिशेने हवेत. उलटं बसवलेलं ब्लेड मी आठवड्याला एकदा तरी बघतो. नुसत्या हाताने चाप आवळा, टिचकी मारल्यावर ब्लेड टणटणलं पाहिजे. ढिलं ब्लेड वाकडं जातं आणि मोडतं. जाड सळईला इंचाला १८ दात, पातळ पत्रा आणि पाईपला २४ किंवा ३२. नियम एवढाच की कोणत्याही वेळी निदान तीन दात धातूत असले पाहिजेत, नाहीतर पत्र्याची कड दातांच्या मध्ये शिरते आणि दात तुटतात. मिनिटाला ४०-५० हातांपेक्षा वेग नको.

मध्येच ब्लेड तुटलं तर नवीन ब्लेड जुन्या चिरेत घालू नका. जुन्या ब्लेडचा सेट झिजलेला असतो, त्याची चीर अरुंद असते. नवीन ब्लेड त्यात अडकून लगेच मोडतं. तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करा. पीव्हीसी पाईप गोल फिरतो, म्हणून तो दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत बसवा, मांडीवर ठेवून कापू नका.

द्राक्षबागेत करवत वापरताना

निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीत जाड ओलांडा (तारेवर वळवलेली वेलीची मुख्य फांदी) किंवा वाळलेलं खोड काढायला घडीची करवत वापरतात. बहुतेक घडीच्या करवती ओढून कापतात. पातं उघडल्यावर खटका बसला का ते बघा, ढिला खटका बोटांवर मिटतो. ओलांडा तारेला गुंडाळलेला असतो आणि वर्षांनी तार लाकडात गेलेली असते. आधी तार मोकळी करा. ताणलेला ओलांडा वरून सरळ कापला तर तो सालासकट फाटतो आणि झटक्याने येतो. आधी खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं बाहेर वरून काप, वजन गेल्यावर शेवटी खोडाजवळचा काप. वेलीच्या मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. शेजारच्या ओळीतल्या माणसाकडे तोंड करून ओढू नका. वेली जवळ असतात आणि पातं त्याच्यापर्यंत पोचतं.

ने-आण आणि ठेवणं

दातांवर चीर पाडलेली पाईपची नळी किंवा रबरी पट्टी चढवा. मोटारसायकलवर मागे बांधलेली उघडी करवत गर्दीच्या रस्त्यावर दुसऱ्याला लागते. हातात नेताना दात खाली आणि मागे. देताना मूठ पुढे करून द्या, आणि समोरच्याने धरली असं म्हटल्यावरच सोडा. भुशात, फळ्यांखाली किंवा बाकाच्या कडेला ठेवू नका, खिळ्यावर टांगा.

लागलंच तर

स्वच्छ कापडाने जखमेवर सरळ दाब द्या आणि हात छातीच्या वर धरा. दहा मिनिटं कापड उचलून बघू नका, प्रत्येक वेळी उचललं की रक्त पुन्हा सुरू होतं. हळद, चहापूड, भुसा, यांतलं काही भरू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा टोकाला बधिर वाटत असेल तर शीर, स्नायूचा दोर (कंडरा) किंवा नस कापलेली असू शकते. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिक पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर. तुकडा थेट बर्फात टाकू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. ज्यांच्या पगारातून ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) कापला जातो त्यांनी अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी, जखम किरकोळ वाटली तरी.

ती करवत आणि तो तुकडा आहे तसाच ठेवा. आधार कुठे हलला किंवा पातं कशाला अडलं ते बघितल्याशिवाय दुसऱ्या कोणी तो कापायला घेऊ नये.